काकांच्या एक्सपी मशीनमधल्या फायली नव्या पीसीत न्यायच्या आहेत (आयडीई डिस्क, पेजमेकर, श्रीलिपी)

मलप्रभाकाठी

नमस्कार मंडळी. खानापुरात काकांचं कंपोझिंगचं दुकान आहे. लग्नपत्रिका, यात्रेची हँडबिलं, सोसायट्यांचे अहवाल, आसपासच्या गावांत होणाऱ्या साहित्य संमेलनांच्या स्मरणिका. मराठी आणि कन्नड, दोन्ही कामं. मशीन विंडोज एक्सपीचं. डिस्क ८० जीबीची, ती रुंद पट्ट्यासारखी केबल लागते ना, तसली, म्हणजे आयडीई. मशीन सुरू होतं, पण कधी कधी बटण दोन-तीनदा दाबावं लागतं आणि पावसाळ्यात जास्तच रडतं. आता विंडोज ११ चा नवा पीसी आलाय. त्याच्या मदरबोर्डवर हा पट्टा बसेल असं सॉकेटच नाही.

बेळगावात एका दुकानात विचारलं, तर म्हणाले डिस्क ठेवून जा, संध्याकाळी न्या. काकांचा जीव होईना. सगळा धंदा त्या डिस्कवर आहे, दुसरी प्रत कुठंच नाही.

बहुतेक फायली पेजमेकर (पानं लावायचा प्रोग्रॅम) आणि कोरल (डिझाइनचा प्रोग्रॅम) यांच्या. फाँट श्रीलिपीचे, थोडे आयएसएमचे, दोन्ही मराठी टायपिंगची सॉफ्टवेअरं. मशीनच्या मागं प्रिंटर पोर्टात श्रीलिपीचं लॉक (ते असल्याशिवाय श्रीलिपी चालत नाही) अडकवलेलं आहे. पेनड्राइव्हनं थोडं थोडं न्यावं, की डिस्कच बाहेर काढावी? आणि नेलेलं नव्या मशीनवर उघडेल ना?

कोल्हापूर_ते_पणजी

सगळं गूगल ड्राइव्हवर चढवा, नव्या मशीनवर लॉगिन करा, विषय संपला. १५ जीबी फुकट मिळतात.

वेदगंगा

विषय कसा संपला हो अण्णा? एक्सपीवर आजचा ब्राउझर चालतोय कुठं? मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचे अपडेट बंद केले, क्रोमनं २०१६ मध्ये हात काढला. ते मशीन नेटला जोडायचंच न्हाई. आणि डिस्क ८० जीबीची म्हणतायत की, १५ मध्ये काय काय कोंबणार?

कोल्हापूर_ते_पणजी

बरं बाबा. मग नव्या आणि जुन्या मशीनला लॅनची केबल लावून फोल्डर शेअर करा.

स्क्रूड्रायव्हर

तेही होणार नाही. एक्सपी ज्या जुन्या पद्धतीनं, म्हणजे एसएमबी-१ नं फोल्डर शेअर करतं, ती नव्या विंडोजमध्ये मुळातच बंद असते. चालू करता येते, पण तिच्यातल्या भोकातूनच २०१७ मध्ये फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय घुसला होता. एका कॉपीसाठी नव्या मशीनचं दार उघडं टाकू नका.

आता मूळ प्रश्न. बटण दोन-तीनदा दाबावं लागतं हे लक्षण बहुतेक वेळा एसएमपीएसचं, म्हणजे आतल्या पॉवर सप्लायचं, असतं, डिस्कचं नव्हे. आतले कपॅसिटर थकले की असं होतं. दुसरा चालता एसएमपीएस कुणाकडं असेल तर तो लावून बघा. तारीख-वेळ मागं जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला, तो घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

डिस्कची तब्येत वेगळी तपासायची. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या प्रोग्रॅममध्ये दोन ओळी बघा: रीअलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बदललेल्या जागा) आणि करंट पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न आलेल्या, संशयित जागा). दोन्हीकडं शून्य असेल तर निवांत. पेंडिंगचा आकडा वाढत चालला असेल तर त्या डिस्कवर बाकीचे उद्योग थांबवा आणि आधी प्रत काढा. टक-टक आवाज यायला लागला तर मशीन लगेच बंद. मग विंडोजचं डिस्क तपासायचं चेकडिस्कही चालवायचं नाही. ते दुरुस्तीच्या नादात मरत्या डिस्कवर लिहीत सुटतं. अशा डिस्कची लिनक्सवरच्या डीडीरेस्क्यूनं आधी जशीच्या तशी नक्कल काढतात आणि पुढची सगळी खटपट नकलेवर करतात. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला अजून फिरतो. आपल्याकडच्या दमट हवेत ती बाहेर काढली की आत-बाहेर पाणी धरतं. करू नका.

डिस्क बाहेर काढायची असेल तर यूएसबीचं साटा-आयडीई ॲडॉप्टर मागवा. त्याला तीन तोंडं असतात: ४० पिनांचं मोठ्या आयडीईला, ४४ चं लॅपटॉपच्या जुन्या डिस्कला आणि साटाचं, म्हणजे नंतरच्या डिस्कचं. सोबत वेगळा पॉवर अडॅप्टर असलेलंच घ्या. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, यूएसबीच्या पोर्टातून ५ च मिळतात, त्यावर ती फिरणारच नाही. डिस्कच्या मागं एक छोटा जंपर असतो, तो मास्टरवर ठेवा. कुठली जागा मास्टरची ते डिस्कवरच्या लेबलवर छापलेलं असतं. ४० पैकी एक पिन मुद्दाम नसते, तिकडं बघून कनेक्टर लावा, जोर करू नका.

जोडल्यावर विंडोजनं ‘डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करा’ असं सांगितलं तर नाही म्हणा, डिस्क काढा आणि इथं येऊन विचारा.

मिरची_संकेश्वरी

शेवटची ओळ फ्रेम करून दुकानात लावायला पाहिजे. आमच्या इकडं एका पतसंस्थेच्या पोरानं त्या प्रश्नाला हो म्हटलं होतं. पुढची गोष्ट सांगत नाही.

खिळेजुळारी

काका माझ्याच जातीचे, म्हणजे कंपोझिटर आहेत, म्हणून सविस्तर लिहितो. छापखान्यातले खिळे जुळवण्यापासून सुरुवात केलेला माणूस आहे, तेव्हा पाल्हाळ सहन करा.

वर सगळे फायली कशा न्यायच्या ते सांगतायत. न्याल हो. कुणीही नेईल. पण नव्या मशीनवर स्मरणिका उघडाल तेव्हा पानभर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के आणि डॉलरची चिन्हं दिसतील आणि काकांना वाटेल फाइल सडली. फाइल धडधाकट असते, फाँट नसतो. श्रीलिपी, आयएसएम, कृतीदेव, आकृती ही सगळी युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक) आधीची व्यवस्था. तिथं ‘क’ म्हणून फाइलीत ‘क’ साठवलेला नसतो. इंग्रजी की-बोर्डवरच्या एखाद्या चिन्हाची जागा साठवलेली असते आणि त्या जागेवर देवनागरीचा तुकडा काढायचं काम फाँट करतो. फाँट गेला की उरतात नुसत्या जागा. त्यातही एकाची जागा दुसऱ्याशी जुळत नाही. आयएसएमच्या डीव्हीबी-टीटी योगेशमध्ये टाइप केलेल्या मजकुराला श्रीलिपीचा श्री-देव-०७१४ लावला तर वेगळाच गोंधळ दिसेल.

तेव्हा फायलींबरोबर फाँट न्यायचेच. विंडोजच्या फोल्डरातला फाँट्स हा फोल्डर पूर्ण उचला. एवढ्यावर थांबू नका. जुन्या डीटीपीवाल्यांकडं टाइप-१ जातीचेही फाँट असायचे, पीएफबी आणि पीएफएम अशा जोडीनं, आणि ते बहुधा सी ड्राइव्हवर पीएसफाँट्स नावाच्या वेगळ्या फोल्डरात असतात. ॲडोबीनं जानेवारी २०२३ पासून आपल्या प्रोग्रॅममधून टाइप-१ काढून टाकलाय. म्हणजे फाँट नेला तरी आजच्या इनडिझाइनमध्ये (ॲडोबीचाच पानं लावायचा प्रोग्रॅम) तो दिसणार नाही.

पेजमेकरची तर कथाच संपली आहे. शेवटची आवृत्ती ७, ती २००१ ची. इनडिझाइनच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकरची फाइल उघडायच्या, नंतरच्या उघडत नाहीत. शिवाय पेजमेकर मोठी चित्रं पोटात घेत नाही, नुसता पत्ता लिहून ठेवतो: डी ड्राइव्ह, अमुक फोल्डर, तमुक फोटो. फोल्डर हलवला की पत्ता चुकतो आणि अध्यक्षांच्या फोटोच्या जागी धुरकट चौकोन येतो.

म्हणून माझा सल्ला असा की, ते मशीन चालू आहे, लॉक लागलेलं आहे, फाँट जागेवर आहेत, तोवर त्याच मशीनवर महत्त्वाच्या फायलींच्या पीडीएफ काढा. पेजमेकर ७ बरोबर पीडीएफ काढणारा डिस्टिलर यायचा, तो असेल. फाँट एम्बेड करायची, म्हणजे पीडीएफच्या आतच ठेवायची, खूण तपासा. कोरलला स्वतःची पीडीएफची सोय आहे. पत्रिकांच्या डिझाइनची एक जादा प्रत अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे त्यांचं चित्र करून, ठेवा. तिच्यात नाव बदलता येणार नाही, पण वेलबुट्टी आणि अक्षराचं वळण कुठल्याही मशीनवर जसंच्या तसं राहील. हे काम नव्या पीसीवर असं सरळ जमणार नाही.

स्क्रूड्रायव्हर

खिळेजुळारी, सगळं मान्य, फक्त क्रम उलटा करा. ज्या मशीनचा एसएमपीएस रडतोय आणि ज्या डिस्कची दुसरी प्रत नाही, त्यावर बसून शेकडो पीडीएफ काढत राहणं म्हणजे जुगार आहे. आधी अख्ख्या डिस्कची प्रत, मग निवांत पीडीएफ.

खिळेजुळारी

पण डिस्क काढून परत बसवल्यावर मशीन उठलंच नाही तर? जुनी मशीनं हात लावला की रुसतात. मग लॉक असून काय उपयोग?

स्क्रूड्रायव्हर

मग काढूच नका. मशीन सुरू असतानाच यूएसबीला बाहेरची डिस्क लावून आहे तिथंच प्रत काढा. दोन गोष्टी सांभाळा. बाहेरची डिस्क दोन टीबीपेक्षा मोठी नको, ३२ बिटचं एक्सपी त्यापुढच्या डिस्कच्या मांडणीला ओळखत नाही. आणि ती एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेली हवी. पेनड्राइव्ह बहुधा एफएटी३२ मध्ये असतात, तिथं ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, ‘जागा नाही’ असा खोटा निरोप येतो.

वेळेचा हिशेब: यूएसबी २ वर सेकंदाला साधारण ३० एमबी धरा. ८० जीबीला पाऊण तास. बारीक फायली हजारोंनी असतील तर दुप्पट-तिप्पटही लागेल. यूपीएस लावून बसा. मृगाच्या पावसात खानापूरकडं लाईटचा काय भरवसा.

वेदगंगा

ही डिस्क आत ७४.५ जीबी दिसेल, तेव्हा साडेपाच जीबी चोरीला गेले म्हणून घाबरू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजती, विंडोज १०२४ च्या. दुकानदारास्नी लई जण त्यावरनं भांडायलेत अजून.

टिळकवाडी_तिसरं_गेट

निवडून निवडून कॉपी करू नका, हे मी ठासून सांगतो. नवीन पीसीत ५१२ जीबीचा एसएसडी तरी असेल. जुनं सगळंच्या सगळं ‘जुनं मशीन’ अशा एका फोल्डरात ओता. आवरायचं ते नंतर आवरा. लोक डी ड्राइव्ह उचलतात, वाटतं झालं. एक्सपीमध्ये डेस्कटॉप आणि माय डॉक्युमेंट्स सी ड्राइव्हवर डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज या फोल्डरात असतात. आउटलुक एक्स्प्रेसची टपाल त्याहून आत, लपवलेल्या फोल्डरात, डीबीएक्स नावाच्या फायलींत. लपलेल्या फायली दाखवायचा पर्याय आधी चालू करा.

कॉपीसाठी टेराकॉपीसारखं काही वापरा. विंडोजची साधी कॉपी मध्येच एका खराब फाइलपाशी अडते आणि कुठवर आली ते सांगत नाही. टेराकॉपी अडलेली फाइल बाजूला ठेवून पुढं जाते, शेवटी यादी देते आणि सांगितलं तर मूळ व प्रत ताडूनही बघते. ते ताडणं टाळू नका.

पुढं कधी ही डिस्क नव्या पीसीला जोडली आणि काकांच्या फोल्डरावर ‘परवानगी नाही’ आलं तर घाबरायचं कारण नाही. नव्या मशीनला जुन्या मशीनचा युजर माहीत नसतो, एवढंच. कंटिन्यू दाबा, थोडा वेळ लागेल, उघडेल. मात्र एक्सपीवर एखाद्या फाइलीचं नाव हिरव्या रंगात दिसलं तर ती कुलूपबंद केलेली आहे, तिचं कुलूप जुन्या मशीनवर, त्याच युजरनं काढून मगच न्यायची.

आणि झिप करून नेणार असाल तर एक्सपीचं स्वतःचं झिप वापरू नका. फाइलीचं नाव देवनागरीत असेल तर ते अडून बसतं. सेव्हन-झिप ठीक.

मिरची_संकेश्वरी

माझाही प्रश्न यातच घुसवतो. आमच्या अडत दुकानात टॅलीचं जुनं ईआरपी ९ आहे. फोल्डर नेला की झालं का?

टिळकवाडी_तिसरं_गेट

अक्का, टॅलीच्या फोल्डरात डेटा नावाचा फोल्डर असतो, त्यात १०००० सारख्या आकड्यांचे फोल्डर. एक आकडा म्हणजे एक कंपनी. टॅलीतूनच बॅकअप घ्या आणि शिवाय हा डेटा फोल्डरही तसाच उचलून ठेवा. नवीन टॅलीप्राइममध्ये उघडताना तो डेटा नव्या पद्धतीत बदलून घेतला जातो, तेव्हा ते काम नेहमी प्रतीवर करायचं, मुळावर नाही. लेजरची शेवटची शिल्लक दोन्हीकडं जुळवून बघितल्याशिवाय जुनं मशीन बंद करू नका.

घटप्रभा

कन्नडचं कुणी बोललंच नाही. काका कन्नड कामं नुडीत (कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर) करत असतील तर तिथंही हीच भानगड. ‘नुडी ०१ ई’ हा फाँट जुन्या पद्धतीचा आहे, युनिकोड नाही. पण कन्नडवाल्यांचं एक बरं आहे, नुडीसोबतच जुन्याचं युनिकोड करून द्यायची सोय येते. ‘बरह’ या तसल्याच सॉफ्टवेअरमध्येही आहे. बदलल्यावर ओत्तक्षरं (अक्षराखाली जोडून येणारी व्यंजनं) नीट तपासा, ‘र’ ची जोडाक्षरं हटकून सरकतात. बरहमध्ये मराठी टाइप केलेलं असेल तर फाँट बीआरएच देवनागरी असेल, तेही त्यातूनच बदलतं.

मलप्रभाकाठी

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. थांबा, आधी करतो मग लिहितो.

मलप्रभाकाठी

झालं ते सांगतो. दुसरा एसएमपीएस लावला, मशीन पहिल्या बटणाला उठलं. स्क्रूड्रायव्हर, मानलं. पेंडिंग सेक्टर शून्य. एक टीबीची बाहेरची डिस्क लावून सगळं उतरवलं. टेराकॉपीनं मोजक्याच फायली बाजूला काढल्या, त्यातल्या बहुतेक कुठल्या तरी जुन्या गाण्यांच्या. एक मात्र सोसायटीच्या अहवालाची होती. तिची छापील प्रत आहे.

पीएसफाँट्सचा फोल्डर खरंच सापडला. काकांनाही आठवत नव्हतं. पीडीएफचं काम काका स्वतः करतायत आणि त्यांना ते आवडलंय. जुनी पत्रिका उघडली की हे लग्न कुणाचं, तो मुलगा आता कुठं, हे सुरू होतं. त्यामुळं वेग बेताचा आहे.

आता पुढचा प्रश्न. स्मरणिकांतले लेख नुसते दिसून भागणार नाही. संमेलनवाल्या मंडळाला ते पुन्हा छापायचेत, नेटवरही टाकायचेत. युनिकोड कसं करायचं?

खिळेजुळारी

पीडीएफमधून मजकूर कॉपी करू नका, तिथंही तीच इंग्रजी चिन्हं मिळतील. पेजमेकरमधून लेखाचा मजकूर एक्स्पोर्ट करा, साध्या टेक्स्टमध्ये किंवा आरटीएफमध्ये. आरटीएफ बरं, कारण त्यात कुठल्या तुकड्याला कुठला फाँट होता ते टिकतं. एकाच लेखात मथळा एका फाँटात आणि मजकूर दुसऱ्यात असेल तर दोघांना वेगवेगळा कन्व्हर्टर लागतो. कन्व्हर्टर निवडताना फाँटचं पूर्ण नाव जुळवा, नुसतं ‘श्रीलिपी’ बघून चालत नाही.

नंतर मुद्रितशोधन करावंच लागतं. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम वेगळा. जोडाक्षर आलं की कन्व्हर्टर गडबडतो आणि वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. ‘र्‍या’ आणि ‘ह्य’ डोळ्यांत तेल घालून बघा. आकडे आणि अवतरणचिन्हंही. कविता शेवटी घ्या, तिथं ओळी तुटतात. मूळ पीडीएफ शेजारी उघडी ठेवून वाचा. त्यासाठीच ती आधी काढायला सांगितली होती.

कोल्हापूर_ते_पणजी

एक शंका. हे सगळं झाल्यावर ते मशीनच जसंच्या तसं नव्या पीसीच्या आत चालवता येत नाही का? व्हर्च्युअलबॉक्स वगैरे?

स्क्रूड्रायव्हर

हा तुमचा आतापर्यंतचा सगळ्यात चांगला सल्ला. डिस्क२व्हीएचडी नावाचा मायक्रोसॉफ्टचाच फुकट प्रोग्रॅम आहे, तो चालत्या डिस्कची एका फाइलीत नक्कल काढतो. एक्सपीसाठी त्याची जुनी आवृत्ती शोधावी लागेल. ती नक्कल व्हर्च्युअलबॉक्समध्ये उघडली की खिडकीत एक्सपी. हार्डवेअर बदललं म्हणून ते ॲक्टिव्हेशन मागू शकतं. नेट बंद ठेवा. पेजमेकरला लॉक लागत नाही, त्यामुळं फाँट असले की जुनी फाइल उघडणं, पीडीएफ काढणं होईल. श्रीलिपीत नवीन टाइप करायला प्रिंटर पोर्टातलं लॉक लागेल आणि नव्या पीसीला तो पोर्टच नाही, तिथं अडेल. नवीन कामं काकांनी सरळ युनिकोडमध्ये सुरू करावीत.

मलप्रभाकाठी

काका इनस्क्रिप्ट (युनिकोडची सरकारी की-बोर्ड मांडणी) शिकायला तयार नाहीत. म्हणतात, बोटांना जे येतं तेच येतं.

खिळेजुळारी

माझीही बोटं तसलीच होती. युनिकोडमध्येही जुन्या टाइपरायटरच्या मांडणीचे की-बोर्ड मिळतात, ते लावून द्या. इनस्क्रिप्टचा हट्ट नको.

वेदगंगा

आणि जुनी डिस्क भंगारवाल्याला द्यायची न्हाई हं लगेच. गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, फोन, सगळं आहे त्यात. क्विक फॉरमॅटनं काही पुसत न्हाई, नुसती अनुक्रमणिका फाडल्यासारखं होतंय.

स्क्रूड्रायव्हर

बरोबर. देताना विंडोजच्या डिस्कपार्टचं ‘क्लीन ऑल’ चालवा, ते पूर्ण डिस्कवर शून्यं लिहितं. त्याआधी डिस्कचा नंबर पुन्हा तपासा, नाहीतर नवी पुसाल. पण मी म्हणतो एवढ्यात देऊच नका. मशीनमधून काढा, कोरड्या डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा, डब्यावर तारीख लिहा. एक प्रत नव्या पीसीत, एक त्या एक टीबीच्या डिस्कवर आणि ती डिस्क दुकानात नाही, घरी. दुकानात पाणी शिरलं तर दोन्ही एकदम नकोत.

मलप्रभाकाठी

पीडीएफ संपेपर्यंत मशीन तसंच ठेवतो, मग डिस्क डब्यात. एक टीबीवाली आजपासून घरी. युनिकोडचा पहिला लेख तयार झाला की इथं टाकतो, वेलांट्या तुम्हीच शोधा.